धुळ्यात जुना सीआरओ रिपेअर करून घेतला, आप्पांच्या वर्कशॉपचा सविस्तर रिव्ह्यू

ज्यांच्याकडे जुना सीआरओ (सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणारं यंत्र), काट्याचा मल्टिमीटर, फंक्शन जनरेटर (टेस्टिंगसाठी लाटा तयार करून देणारा) असलं काहीतरी माळ्यावर पडलेलं आहे आणि "आता याचं काम कोण करणार" म्हणून भंगारात द्यायचा विचार चाललाय त्यांनी द्यायच्या आधी हे वाचा.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागे, गल्ल्यांमध्ये, एक छोटं वर्कशॉप आहे. दुकानाचं नाव आणि नंबर मी टाकत नाहीये कारण आप्पांनीच सांगितलं की भो नंबर नेटवर टाकू नको, मग दिवसभर इन्व्हर्टर आणि मिक्सरवाल्यांचे फोन येतात आणि हातातलं काम तसंच राहतं. त्या भागातल्या कुठल्याही जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात "सीआरओवाले आप्पा" विचारलं की सांगतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, मोजायची जुनी यंत्रं इतक्या नीट दुरुस्त करणारा माणूस मला अख्ख्या खान्देशात दुसरा भेटला नाही. पाचपैकी पाच स्टार. तक्रारी पण आहेत, त्या पुढे लिहितो.

माझं काम शिरपूरकडे सोलर पंपाचे कंट्रोलर आणि स्टार्टर पॅनल रिपेअर करायचं. कंट्रोलरच्या आत आयजीबीटीच्या (मोठा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेटला पल्स नीट जातोय का नाही हे मल्टिमीटरवर दिसतच नाही, तिथं सीआरओच लागतो. नवीन डिजिटल घ्यायचा तर पंचवीस-तीस हजाराच्या आसपास जातो आणि मला भंगारवाल्याकडे अकराशे रुपयात एक जुना दोन चॅनलचा २० मेगाहर्ट्झचा मिळाला, कुठल्यातरी कॉलेजच्या लॅबमधून राइट ऑफ होऊन आलेला, साइडला पांढऱ्या रंगात डेड स्टॉक नंबर टाकलेला. इंदूरच्या सायंटिफिकचा, जर्मनीच्या हामेगच्या एचएम २०३ च्या डिझाइनवर बनवलेला. डिप्लोमा केलेल्यांना हा डबा माहीतच असेल, आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये प्रॅक्टिकलला हाच असायचा. भंगारवाला तो कापून ट्रान्सफॉर्मरचं तांबं वेगळं काढणार होता.

तर त्याचा प्रॉब्लेम असा होता की चालू केल्यावर बराच वेळ स्क्रीन काळी, मग हळूहळू ट्रेस (स्क्रीनवरची उजेडाची रेघ) यायचा, तो पण जाड आणि पुसट, फोकस पूर्ण फिरवला तरी बारीक होत नव्हता, वर ती सरळ रेघ लाटेसारखी हलत होती, आणि चॅनल दोनचा व्होल्ट पर डिव्हिजनचा (स्क्रीनवरच्या एका घराला किती व्होल्ट ते ठरवणारा) नॉब जरा हलला की ट्रेस गायब. आधी एका दुसऱ्या ठिकाणी दाखवला होता, नाव घेत नाही, तिथं दहा मिनिटात निकाल लागला की ट्यूब (स्क्रीनची काचेची पिक्चर ट्यूब) गेली, ट्यूब मिळत नाही, भंगारात द्या.

आप्पांकडे नेला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "काय व्हयनं भो याले?" मी वरचं सगळं सांगितलं, ते त्यांनी एका जाड रजिस्टरमध्ये माझ्याच शब्दात लिहून घेतलं, तारीख, सिरियल नंबर, कुठून आला, किती वर्षं बंद होता. मग सॉकेटमध्ये पिन न घालता आधी प्लगच खोलला. आत अर्थची हिरवी वायर कापून मागे दुमडलेली होती. आधीच्या कुणीतरी मेनला जोडलेलं सर्किट तपासायला सीआरओचा अर्थ तोडला होता, हे आपल्याकडे फार जण करतात आणि फार वाईट आहे, कारण प्रोबची (मोजायच्या वायरची) ग्राउंड क्लिप, प्रोब जिथं लागतो त्या बीएनसी सॉकेटचं बाहेरचं कडं आणि सीआरओची अख्खी बॉडी आतून एकच असते, अर्थ तोडून क्लिप लाइव्ह पॉइंटला लावली की सगळी बॉडी लाइव्ह होते आणि दुसरा हात नॉबवर असतो. आप्पांनी काही न विचारता नवीन थ्री पिन लावली, बॉडी ते अर्थ पिन कंटिन्युइटी घेतली आणि मला सांगितलं की तपासायच्या वस्तूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनपासून वेगळं करणारा) लाव, सीआरओला नाही. याचे पैसे बिलात लावले नाहीत.

मागे फ्यूजच्या चौकोनी कॅपवर व्होल्टेजचं सेटिंग असतं, कॅप काढून फिरवून घालायची, त्रिकोणाच्या खुणेसमोर जो आकडा येईल तो सेट. माझा २२० वर होता. आप्पा म्हणाले की तुमच्याकडे रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज २५० च्या वर जातं, ट्रान्सफॉर्मर उगाच तापतो, आणि २४० वर करून दिला. इतक्या वर्षांत कॉलेजमध्ये कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं बहुतेक.

मग सिरीज बोर्ड. आपले सगळे इलेक्ट्रिशियन वापरतात तोच, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि यंत्र वाचतं. माझ्या वेळी बल्ब क्षणभर चमकून मंद झाला म्हणजे शॉर्ट नाही. त्यानंतर डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज चढवलं, कारण वर्षानुवर्षं बंद पडलेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो, त्याला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर लीकेज वाढून तो तापतो आणि कधी फुटतो. हळू चढवलं तर तो थर परत तयार व्हायला वेळ मिळतो. भंगारातून आणलेलं काहीही तुम्ही घरी थेट प्लगमध्ये घालून बघत असाल तर हे एवढं वाक्य तरी लक्षात ठेवा.

आता मला जे सगळ्यात आवडलं ते. लाट का हलतेय हे आप्पांनी त्याच सीआरओवर शोधलं. इनपुटचा स्विच ग्राउंडवर टाकला म्हणजे बाहेरून काही येत नाही, टाइमबेस ५ मिलिसेकंदवर म्हणजे स्क्रीनवरचं एक आडवं घर ५ मिलिसेकंदाचं, ट्रिगर लाइनवर म्हणजे ट्रेस मेनच्या तालावर सुरू होणार. लाट जागेवर थांबली, म्हणजे ती मेनशीच बांधलेली आहे हे पक्कं झालं. मग घरं मोजायला लावली मला. एक पूर्ण लाट दोन घरांत बसत होती. दोन घरं म्हणजे १० मिलिसेकंद म्हणजे १०० हर्ट्झ. चार घरांत बसली असती तर ५० हर्ट्झ झाले असते, मग ब्रिजमधला (एसीचं डीसी करणारे चार डायोड) एखादा डायोड ओपन असणार किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ट्यूबपर्यंत पोचतंय असं धरून शोधावं लागलं असतं. १०० आले म्हणजे ब्रिज चारही डायोडवर चालतोय आणि मागचा फिल्टर कपॅसिटर कमजोर आहे. अजून स्क्रू ड्रायव्हर बोर्डाला लागला नव्हता आणि निम्मं निदान झालेलं. मी इतकी वर्षं पॅनल दुरुस्त करतोय पण अशी घरं मोजून दोष ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

कव्हर काढल्यावर आधी नुसती धूळ. लॅबची धूळ, खडूची धूळ, आणि धुळ्याचा उन्हाळा. ब्रश आणि ब्लोअरने साफ केलं, पण ब्लोअर ट्यूबच्या मानेपासून लांब ठेवून, कारण ट्यूबच्या आत व्हॅक्यूम असतो आणि मान सगळ्यात नाजूक. या सीआरओच्या ट्यूबला साधारण २००० व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आप्पा लांब काडीला रेझिस्टर लावलेल्या डिस्चार्ज स्टिकने आधी तो उतरवतात, मग मीटर लावून खात्री करतात, आणि एचव्ही (हाय व्होल्टेज) सेक्शनमध्ये काम करताना डावा हात खिशात, अंगठी-घड्याळ टेबलावर. त्यांच्याकडे आयटीआयचा एक पोरगा शिकायला येतो, त्यालाही हेच नियम, घड्याळ न काढता बसला तर उठवतात.

दोषी फिल्टर कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा होता, काढून मोजला तर पंधराशेच्या खाली आणि ईएसआर (आतला रेझिस्टन्स) कित्येक पट वाढलेला. यात कंपनीचा दोष नाही, कुठल्याही कंपनीचा इलेक्ट्रोलायटिक इतक्या वर्षांत वाळतोच, आतलं द्रव हळूहळू उडत जातं. दर १० अंश तापमान वाढलं की आयुष्य अंदाजे निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे, त्यात आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय तापमान होतं ते सांगायला नको. म्हणून ८५ डिग्रीवाला काढून १०५ डिग्रीवाला टाकला, व्होल्टेज रेटिंग तेवढंच किंवा वरचं.

मी म्हटलं आप्पा आता उघडलाच आहे तर सगळेच कपॅसिटर बदलून टाका, युट्यूबवर सगळे तसंच करतात. आप्पा म्हणाले, "ज्यानं माप बरोबर शे, त्याले हात लावानं नही." आणि मग नीट समजावून सांगितलं. जुन्या बोर्डाचा तांब्याचा ट्रॅक एकदा जास्त तापला की पॅडसकट उखडतो. चांगला काढून नवा टाकला आणि तो नवा डुप्लिकेट निघाला, बाजारात जुन्यावर नवीन स्लीव्ह चढवलेले कपॅसिटर सर्रास मिळतात, तर आपण चांगलं यंत्र पैसे देऊन बिघडवलं. आणि तिसरं म्हणजे एकदम चाळीस पार्ट बदलले आणि नंतर काही वेगळंच झालं तर कशामुळे झालं ते शोधता येत नाही. म्हणून एकेक मोजायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, वाईट तेवढाच काढायचा, बदलला की परत चालू करून बघायचं. माझ्या मते हेच या दुकानाचं खरं काम आहे. "चालू करून दिला" एवढं कुणीही करेल, काय बिघडलं होतं, किती बिघडलं होतं आणि आता किती बरोबर आहे हे आकड्यात लिहून देणारा कुठं आहे सांगा.

फोकसचं कारण वेगळंच निघालं. एचव्हीच्या डिव्हायडरमध्ये मेगाओहमचे रेझिस्टर एकापाठोपाठ एक असतात, त्यातला एक आधी कुणीतरी बदललेला होता, सोल्डरिंगवरूनच कळत होतं, आणि साधा पाव वॅटचा टाकला होता. कलर कोड बरोबर, ४.७ मेगाओहम, पण मोजला तर सहाच्या वर गेलेला. वॅटेज कमी पडलं असं मला वाटलं होतं पण प्रश्न वॅटचा नसतो, साधा पाव वॅटचा कार्बन फिल्म रेझिस्टर साधारण २५० व्होल्टच्या वर वापरायचा नसतो, करंट कितीही कमी असला तरी. त्याच्यावर जास्त व्होल्टेज पडत राहिलं की व्हॅल्यू सरकत जाते आणि फोकसचं व्होल्टेज नॉबच्या रेंजच्या बाहेर निघून जातं. आप्पांनी हाय व्होल्टेज रेटिंगचा मेटल ग्लेझ टाकला. त्यानंतर ट्रेस असा बारीक आला की बास, पेन्सिलीची रेघ. ट्यूब उत्तम आहे, एमिशन (इलेक्ट्रॉन सोडायची ताकद) भरपूर, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवला तरी दिवसा दिसतो. जी ट्यूब "गेली" होती तीच.

नॉबचं काम सगळ्यात जास्त वेळखाऊ. ॲटेन्युएटरचे (सिग्नल ठरलेल्या प्रमाणात लहान करणारा भाग) रोटरी स्विच म्हणजे बारीक बारीक कॉन्टॅक्ट, त्यावर काळा थर. बरेच जण त्यात डब्ल्यूडी-४० स्प्रे मारतात, दोन महिने बरं चालतं आणि नंतर तेलावर धूळ बसून आधीपेक्षा वाईट होतं. आप्पा जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टच्या मधून ओढतात, कागद काळा होऊन येतो, दुसरी पट्टी, तिसरी, पांढरी येईपर्यंत. घासकागद अजिबात नाही, वरचा मुलामा निघून जातो. मी शेजारी बसून बघत होतो, एका चॅनलच्या स्विचला चहा दोनदा येऊन गेला. आणि प्रीसेट (आतले सेटिंगचे छोटे स्क्रू) फिरवायच्या आधी प्रत्येकाची मूळ जागा बारीक पेनने खूण करून ठेवतात, न लागणाऱ्याला हातच लावत नाहीत.

शेवटी कॅलिब्रेशन. आता आप्पांचं वर्कशॉप काही एनएबीएलची मान्यता असलेली कॅलिब्रेशन लॅब नाही आणि ते स्वतःच ते आधी सांगतात, सर्टिफिकेट मागू नका. पण त्यांनी काय काय तपासलं ते बघा. क्रिस्टलवरून १ मेगाहर्ट्झ देऊन टाइमबेस १ मायक्रोसेकंदवर, एका घरात एक सायकल, दहाव्या घरापर्यंत किती सरकतंय ते बघितलं, १ टक्क्याच्या आसपास निघालं. असल्या ॲनालॉग सीआरओची अपेक्षाच ३ टक्क्यांची असते त्यामुळे मस्तच. मग स्क्वेअर वेव्ह देऊन ॲटेन्युएटरच्या प्रत्येक रेंजला कोपरे बघितले, गोल झाले तर कॉम्पेन्सेशन कमी, टोक वर आलं तर जास्त. आणि राइज टाइम, म्हणजे सिग्नल खालून वर जायला लागणारा वेळ. त्यांनी ७४एसी१४ आयसीवर एक छोटा पल्सर बनवलाय, काही नॅनोसेकंदात वर जाणारा पल्स देतो. ०.३५ भागिले बँडविड्थ (सीआरओ किती हर्ट्झपर्यंत नीट दाखवतो ते) हा हिशोब, २० मेगाहर्ट्झला १७.५ नॅनोसेकंद यायला पाहिजे. ट्रेस दहापट ताणणारा एक्स १० मॅग्निफायर ओढून २० नॅनोसेकंदला एक घर केलं आणि १० टक्के ते ९० टक्के घराच्या थोडं आत बसलं, १८ धरा. म्हणजे हा डबा आजही त्याच्या कागदावरच्या आकड्याला उतरतो. हे बघताना मला जो आनंद झाला तो मी लिहून सांगू शकत नाही.

याच्यात एक कॉम्पोनंट टेस्टर पण आहे, दोन सॉकेटमध्ये पार्ट लावला की स्क्रीनवर त्याचा आकार दिसतो, रेझिस्टरची तिरकी रेघ, कपॅसिटरचं अंडं, डायोडचा कोपरा. जळालेल्या बोर्डावर चांगला आणि वाईट ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी लावून तुलना करायला यासारखं काही नाही. माझा तर रोजचा वापर सुरू झालाय.

मी होतो तेव्हा टेबलावर एका कॉलेजचा एचपी ३४७८ए पडलेला होता, साडेपाच डिजिटचा बेंच मीटर, १९८० च्या दशकातला. त्याचं कॅलिब्रेशन आत एका रॅममध्ये साठवलेलं असतं आणि ती रॅम ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर जिवंत असते. सेल मेला की सगळे आकडे पुसले जातात, मग मीटर चालू होतो पण त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही आणि परत कॅलिब्रेट करायला सगळ्या रेंजचे स्टँडर्ड लागतात. कॉलेजवाल्यांनी तो "डिस्प्लेची काच साफ करा" म्हणून दिलेला. आप्पांनी आल्या आल्या आधी सेलचं व्होल्टेज बघितलं, बरंच उतरलेलं होतं, आणि त्यांना फोन करून परवानगी घेतली. बाहेरून ३ व्होल्ट समांतर क्लिपने जोडले, मग जुना सेल काढला, नवीन बसवला, डाग देताना दर वेळी सोल्डरिंग आयर्न तापवून प्लगमधून काढूनच टोक लावलं म्हणजे मेनचं लीकेज रॅमपर्यंत जाऊ नये. एकही आकडा गेला नाही. कुणाकडे हा मीटर असेल तर आजच सेल बघा, नंतर हळहळून उपयोग नाही.

आप्पांच्या स्वतःच्या टेबलावर टेक्ट्रॉनिक्स ४६५ आहे, १९७२ ला बाजारात आलेलं मॉडेल, १०० मेगाहर्ट्झ, मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. तो आला तेव्हा पूर्ण मेलेला होता, एक टँटलम कपॅसिटर शॉर्ट होऊन त्याने अख्खी सप्लाय लाइन खाली ओढली होती. त्याचं मॅन्युअल त्यांनी मला दाखवलं, सर्किट डायग्राम, प्रत्येक पॉइंटला किती व्होल्ट आणि कसली वेव्ह पाहिजे, कसं चालतं याचं प्रकरणच्या प्रकरण. त्या काळी यंत्रासोबत हे सगळं मिळायचं म्हणून ती आज दुरुस्त होतात. मी आणतो त्या सोलर कंट्रोलरच्या आयसीवरचे नंबर सुद्धा घासून टाकलेले असतात. यावर मला राग येतो, खरंच येतो, शेतकऱ्याचा पंप ऐन भरणीत बंद पडतो आणि सर्किट कुणी देत नाही.

गप्पांत आप्पांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. आपला मुंबई-आग्रा रोड धरून बघा. ठाण्याला ॲपलॅब, १९६२ पासूनची, पॉवर सप्लाय आणि सीआरओ बनवणारी. पुढे नाशिकला मोटवाने, ज्यांचे काट्याचे मल्टिमीटर आपल्या वायरमन लोकांनी जन्मभर वापरले. मग धुळं ओलांडून सरळ वर गेलं की इंदूर, तिथं सायंटिफिक. म्हणजे मोजायची यंत्रं बनवणाऱ्या तीन कंपन्या एकाच रस्त्यावर आणि त्या रस्त्याच्या मधोमध आपलं धुळं, आणि तरी दुरुस्तीला आपण पुण्या-मुंबईला पाठवतो नाहीतर भंगारात देतो. एवढ्या जुन्या चांगल्या वस्तू आपल्या कॉलेजांमधून, जिनिंगमधून, कारखान्यांतून निघतायत, त्यातल्या निम्म्या तरी वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आता पैसे. मला बिल १८५० रुपये झालं, त्यात पार्टचे साडेचारशेच्या आत, बाकी मजुरी. काढलेले सगळे पार्ट एका पाकिटात घालून परत दिले, प्रत्येकाला चिठ्ठी, मूळ किती आणि मोजला तेव्हा किती. रजिस्टरच्या पानाचा फोटो काढू दिला. ट्यूबची गॅरंटी देत नाहीत, बाकी कामाची सहा महिने तोंडी.

तक्रारी. पहिली, वेळ. "हाई काम घाईनं नही" हे उत्तर प्रत्येकाला मिळतं आणि तारीख विचारली की ते खरंच देत नाहीत, तुमचं साइटवरचं काम अडलेलं असेल तर त्रास होतो. दुसरी, जीएसटी बिल नाही, साधी पावती, त्यामुळे कॉलेज आणि कारखानेवाल्यांना पेमेंट काढताना अडचण येते, हे त्यांनी खरंच बघायला पाहिजे कारण मोठं काम तिथूनच येणार आहे. तिसरी, जागा फार छोटी, दोन माणसं आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं, उन्हाळ्यात आत बसवत नाही. चौथी, कुरिअरने आलेलं घेत नाहीत, स्वतः घेऊन जावं लागतं, जळगाव-नंदुरबारवाल्यांना दिवस जातो. यावर त्यांचं म्हणणं पटतं मला, जड यंत्र पार्सलमध्ये आपटलं की ट्यूबची मान जाते आणि मग भांडण, पण ज्यांना येणं जमत नाही त्यांनी काय करायचं हा प्रश्न राहतोच.

काय करत नाहीत ते पण ऐका. साडेतीनशे रुपयाचे पिवळे मल्टिमीटर नाहीत, पाण्यात बुडालेलं नाही, आणि पडदा भाजलेली ट्यूब असेल तर सरळ सांगतात की पैसे घालू नका.

ज्यांना मायक्रोकंट्रोलरचं, सिरियल डेटाचं काम आहे त्यांनी डिजिटलच घ्यावा, एकदाच येऊन जाणारा सिग्नल पकडून ठेवणं या जुन्याला जमत नाही. पण ज्यांचं काम पॉवरचं, ऑडिओचं, शिकवायचं आहे त्यांना असा नीट केलेला ॲनालॉग फार उपयोगी पडतो, नॉब फिरवला की त्याच क्षणी ट्रेस हलतो, मेनूत शोधत बसावं लागत नाही. शिकणाऱ्या पोरांना तर आधी यावरच बसवा.

जाताना काही गोष्टी लक्षात ठेवा. दुपारी दोन ते चार बंद असतं. सीआरओ गोधडीत गुंडाळून न्या, काचेच्या तोंडावर उलटा ठेवू नका, गाडीच्या डिकीत उन्हात सोडू नका. स्वतःचा प्रोब आणि मेन कॉर्ड सोबत घ्या कारण दोष कधी त्यातच असतो. आधी कुणी उघडला असेल तर खरं सांगा, लपवलं तर त्यांना सोल्डरिंगवरून कळतंच. मॅन्युअल असेल तर फारच चांगलं, नसेल तर मॉडेल नंबर आधी सांगा, ते शोधून ठेवतात.

सध्या माझा एक जुना फंक्शन जनरेटर त्यांच्याकडे दिलाय, साइन वेव्ह वाकडी येते. आत लाट तयार करणारी ८०३८ आयसी आहे, ती बनायची कधीच बंद झाली आणि बाजारात मिळतात त्यात डुप्लिकेट फार. आप्पा म्हणाले आधी आयसीच्या बाजूचे प्रीसेट आणि सप्लाय मोजतो, आयसी शेवटी. झालं की इथंच खाली ॲड करतो.